फुफ्फुसांचा रक्तदाब : अर्धा उपचार घरातच

फोंडा तालुक्यातील एखाद्या खेड्यात राहणारी पस्तिशीतली गृहिणी डोळ्यांसमोर आणावी. देवळाच्या पायऱ्या चढताना तिला धाप लागू लागते. प्रथम अंगात रक्त कमी असेल म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू होतात, मग दम्याची शंका येऊन इन्हेलर हाती येतो. दंडाला पट्टा बांधून मोजलेला रक्तदाब प्रत्येक वेळी ठीकच भरतो. वर्ष-दीड वर्ष असेच जाते. एके दिवशी पाण्याची भरलेली बादली उचलताना ती घेरी येऊन पडते आणि मग कुठे हृदयाची इको तपासणी होते. निदान असते पल्मनरी हायपरटेन्शन, म्हणजेच फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांतील वाढलेला रक्तदाब.

हे उदाहरण कल्पित असले, तरी या आजाराचे निदान बहुतेकांच्या बाबतीत अशाच आडवळणांनी होते. निदान झाल्यावर उपचाराची दिशा डॉक्टर ठरवतात. पण त्यानंतरचे रोजचे काम रुग्णाच्या आणि त्याच्या घरच्या माणसांच्या हाती येते. कोणती गोळी किती वाजता घ्यायची, कोणती चुकूनही घ्यायची नाही, पायावरची सूज केव्हा गंभीर मानायची, मीठ किती खायचे, या साध्या वाटणाऱ्या गोष्टींवर या आजाराची पुढची वाटचाल मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

पट्ट्याला न सापडणारा दाब

हृदयाच्या डाव्या बाजूला साऱ्या शरीरात रक्त पोहोचवायचे असते, म्हणून तिथला दाब मोठा असतो. दंडावर मोजला जाणारा १२०/८० हा आकडा त्या बाजूचा. उजव्या बाजूला मात्र शेजारच्या फुफ्फुसांपर्यंतच रक्त ढकलायचे असते. विश्रांतीच्या अवस्थेत फुफ्फुसाच्या धमनीतील सरासरी दाब पाऱ्याच्या १४ मिलिमीटरच्या आसपास असतो. तो २०च्या वर गेला की त्याला पल्मनरी हायपरटेन्शन म्हणतात. पूर्वी ही मर्यादा २५ होती. २०१८ साली झालेल्या जागतिक तज्ज्ञांच्या परिषदेनंतर ती खाली आणण्यात आली.

फुफ्फुसांतील बारीक रक्तवाहिन्या आकसल्या, त्यांच्या भिंती जाड झाल्या किंवा त्यांत गुठळ्या अडकल्या, की उजव्या कप्प्याला अधिक जोर लावावा लागतो. हा कप्पा मुळात पातळ भिंतीचा असतो. काही काळ तो जाड होऊन भार पेलतो, नंतर फुगू लागतो आणि थकतो. मग मागे तुंबलेल्या रक्तामुळे पायांवर आणि पोटात सूज येते. पुढे पुरेसे रक्त न गेल्यामुळे धाप, थकवा आणि घेरी येते. इको तपासणीतून या दाबाचा अंदाज येतो. खात्रीचे निदान मांडीतील किंवा मानेतील शिरेतून बारीक नळी हृदयाच्या उजव्या बाजूपर्यंत नेऊन, तिथला दाब प्रत्यक्ष मोजून केले जाते.

नाव एक, आजार पाच

या एका नावाखाली पाच निरनिराळे गट येतात. पहिल्या गटात फुफ्फुसांच्या धमन्याच आजारी असतात. त्याचे कारण कधी सापडत नाही, कधी ते आनुवंशिक असते, तर कधी जन्मजात हृदयदोष, संधिवाताच्या वर्गातील आजार किंवा यकृताचे विकार त्यामागे असतात. दुसरा गट हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोषांमुळे होणाऱ्या आजाराचा. लहानपणीच्या संधिज्वरामुळे हृदयाची झडप अरुंद झालेले रुग्ण आपल्याकडे अजूनही आढळतात, ते याच गटात मोडतात. तिसऱ्या गटात फुफ्फुसांचे जुनाट आजार, चौथ्यात विरघळून न गेलेल्या रक्ताच्या गुठळ्या आणि पाचव्यात संमिश्र कारणे येतात.

ही विभागणी रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे, कारण प्रत्येक गटाचा उपचार वेगळा असतो. झडपेचा दोष असेल तर झडप दुरुस्त करणे हा मुख्य उपचार. गुठळ्यांचा आजार असेल तर रक्त पातळ ठेवणारे औषध बहुधा आयुष्यभर घ्यावे लागते. मात्र निवडक रुग्णांमध्ये शस्त्रक्रियेने जुन्या गुठळ्या काढून आजार जवळजवळ पूर्ण आटोक्यात आणता येतो. धमन्या पसरवणारी विशेष औषधे प्रामुख्याने पहिल्या गटासाठी आहेत. दुसऱ्या गटातील रुग्णाने ती घेतली तर फुफ्फुसांत पाणी साचण्याचा धोका असतो. म्हणून त्याच आजाराच्या दुसऱ्या रुग्णाला लागू पडलेली गोळी आपल्यालाही चालेल, असे कोणीही गृहीत धरू नये. आपला गट कोणता, हे डॉक्टरांना विचारून लिहून ठेवावे.

‘त्या’ गोळीचा संकोच

पहिल्या गटातील अनेक रुग्णांच्या चिठ्ठीवर सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल हे नाव असते. गावातल्या फार्मसीत ती चिठ्ठी पुढे केली की कधी काउंटरमागे हसू उमटते, कधी रांगेतल्या माणसाची नजर वळते. गोळी आणायला गेलेला नवरा वा मुलगा अवघडतो; स्त्री रुग्ण तर ते नाव उच्चारायलाही लाजते. कोणी इंटरनेटवर नाव शोधून पाहतो आणि डॉक्टरांनी भलतेच औषध दिले असे समजून गोळी बंद करतो.

सिल्डेनाफिल हे औषध मूळचे हृदयशूळासाठी तपासले जात होते. त्या तपासणीत त्याचा दुसराच परिणाम ठळकपणे दिसला आणि १९९८पासून ते लैंगिक दुर्बलतेवरचे औषध म्हणून जगभर गाजले. मात्र ज्या विकरावर ते काम करते, ते विकर फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांतही मुबलक असते. ते रोखले की या वाहिन्या सैल होतात, दाब उतरतो आणि चालण्याची क्षमता वाढते. २००५ साली अमेरिकेच्या औषध नियामकांनी या आजारासाठी त्याला मान्यता दिली. इथे ते साधारणपणे २० मिलीग्रॅमच्या मात्रेत, दिवसातून तीन वेळा आणि नियमित घ्यायचे असते. स्त्रिया, पुरुष आणि डॉक्टरांच्या निर्णयानुसार लहान मुले यांनाही ते दिले जाते.

संकोचावर साधा उपाय आहे. चिठ्ठीवर औषधाच्या नावासमोर ‘फुफ्फुसांच्या रक्तदाबासाठी’ असे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे आणि एकाच फार्मसीतून नियमित औषध घ्यावे. घरच्यांनाही ही गोष्ट स्पष्ट सांगावी. लाजेपोटी चुकलेली मात्रा आजाराला तेवढीच पोषक ठरते, जेवढी विसरून चुकलेली.

बरे वाटले म्हणून थांबू नये

औषध सुरू होऊन दोन-तीन महिने झाले की धाप कमी होते, पायांवरची सूज ओसरते. मग घरातून प्रश्न येतो, ‘आता बरे वाटते ना, मग एवढ्या गोळ्या कशाला?’ महिन्याचे बिल पाहिले की हा प्रश्न अधिकच पटतो. इथेच बरेच रुग्ण चुकतात.

या औषधांपूर्वीचा काळ आठवला म्हणजे नियमिततेचे मोल कळते. १९८०च्या दशकात अमेरिकेत ठेवल्या गेलेल्या राष्ट्रीय नोंदीनुसार, कारण न सापडणाऱ्या प्रकारातील निम्मे रुग्ण निदानानंतर तीन वर्षेही जगत नसत. तिथे १९९५ साली इपोप्रोस्टेनॉल हे पहिले विशेष औषध आले. शरीरात ते काही मिनिटेच टिकत असल्यामुळे पंपाद्वारे अहोरात्र शिरेत सोडावे लागते. २००१ साली बोसेंटानच्या रूपाने पहिली गोळी आली. पुढे अँब्रिसेंटान, मॅसिटेंटान, रिओसिग्वाट, सेलेक्सिपॅग ही औषधे आली आणि २०२४ साली सोटाटरसेप्ट या इंजेक्शनला मान्यता मिळाली. आज अनेक रुग्णांना आरंभीच दोन वेगवेगळ्या मार्गांनी काम करणारी औषधे एकत्र दिली जातात. यांतील बऱ्याच गोळ्या भारतीय कंपन्याही बनवतात. महागडा ब्रँड परवडत नसेल तर औषध बंद करण्याऐवजी स्वस्त जेनेरिक पर्यायाविषयी डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे.

ही औषधे दाब धरून ठेवतात. मूळ आजार सहसा नाहीसा करीत नाहीत. ती अचानक बंद केली तर दाब पुन्हा चढतो आणि थकलेला उजवा कप्पा कोलमडू शकतो. एखादी मात्रा विसरली तर आठवताच घ्यावी. पुढच्या मात्रेची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी. दोन मात्रा एकदम घेऊ नयेत. सेलेक्सिपॅग तीन किंवा अधिक दिवस चुकले असेल, तर जुन्या मात्रेने पुन्हा सुरू न करता डॉक्टरांना विचारावे, कारण ते कमी मात्रेपासून वाढवत न्यावे लागते.

ही औषधे प्रत्येक फार्मसीत तयार नसतात, मागवावी लागतात. म्हणून निदान दहा दिवसांचा साठा घरात असावा. चवथीच्या सुट्ट्या, पावसाळ्यात तुटलेला रस्ता किंवा परगावचे लग्न यांमुळे खंड पडू नये. उपवासाच्या दिवशीही गोळ्या चालूच ठेवाव्यात. कडक वा निर्जळी उपवास करायचा विचार असेल तर आधी सल्ला घ्यावा.

डोकेदुखी, चेहऱ्यावर लाली, नाक चोंदणे, जुलाब, जबड्यात दुखणे हे त्रास सुरुवातीला होतात आणि बहुधा काही आठवड्यांत सौम्य होतात. बोसेंटान घेणाऱ्यांनी दरमहा यकृताची रक्ततपासणी चुकवू नये. अँब्रिसेंटान आणि मॅसिटेंटानमुळे पाय सुजू शकतात, हिमोग्लोबिन उतरू शकते. दृष्टी वा श्रवणशक्ती एकाएकी गेली तर मात्र क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे.

सोबत काय घेऊ नये

छातीत दुखू लागले की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. सिल्डेनाफिल, टाडालाफिल किंवा रिओसिग्वाट घेणाऱ्या रुग्णासाठी हा उपाय जिवावर बेतू शकतो. नायट्रेट वर्गातील औषधे आणि या गोळ्या एकत्र आल्या की शरीराचा रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत कोसळतो. ही बाब रुग्णाइतकीच शेजाऱ्यापाजाऱ्यांना माहीत हवी, कारण आणीबाणीच्या वेळी मदतीला धावून येणारे तेच असतात. सिल्डेनाफिल आणि रिओसिग्वाट हीदेखील एकमेकांसोबत घ्यायची नसतात.

पावसाळ्यात सर्दीची गोळी परस्पर आणून घेतली जाते. तिच्यातील फिनाइलएफ्रिन किंवा स्युडोएफेड्रिन रक्तवाहिन्या आकसवते, म्हणून ती टाळावी. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामकांमुळे अंगात पाणी साचते. रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. क्षयरोगावरील रिफाम्पिसिनमुळे या आजारावरच्या काही औषधांचा परिणाम बराच घटतो, तर क्लॅरिथ्रोमायसिन आणि बुरशीवरील इट्राकोनाझोलमुळे सिल्डेनाफिलचे शरीरातील प्रमाण वाढते. प्रोस्टेटसाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनीही रक्तदाब उतरतो.

घरगुती औषधे नेहमीच निरुपद्रवी असतात असेही नाही. काढ्यातील ज्येष्ठमध जास्त दिवस घेतल्यास शरीरात मीठ-पाणी साठते आणि पोटॅशियम उतरते. वजन कमी करणाऱ्या गोळ्यांपासून तर दूरच राहावे. भूक मारणाऱ्या काही जुन्या औषधांमुळेच हा आजार झाल्याचे गेल्या शतकात सिद्ध झाले आहे. दंतवैद्याकडे गेले तरी आजाराचे नाव आणि सर्व गोळ्यांची यादी आधी दाखवावी. किरकोळ वाटणारी भूलही या रुग्णांना जोखमीची ठरते.

वजनकाटा आणि मिठाची बरणी

उजवे हृदय थकत असल्याची पहिली चाहूल अनेकदा वजनकाट्यावर लागते. रोज सकाळी लघवी झाल्यावर, न्याहारीपूर्वी, त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहावे. एक-दोन दिवसांत सव्वा-दीड किलो किंवा आठवड्यात दोन किलोंहून अधिक वाढ झाली तर ते अंगात साचलेले पाणी समजून डॉक्टरांना कळवावे. लघवी वाढवणाऱ्या गोळीची मात्रा ते बदलतील. ती आपल्या मनाने वाढवू नये. उलट जुलाब-उलट्या झाल्या तर हीच गोळी शरीर कोरडे पाडू शकते, तेव्हाही फोन करावा.

दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याएवढे मीठ ही जागतिक आरोग्य संघटनेने सर्वसाधारण प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा आहे. गोमंतकीय जेवणात ती पाळणे सोपे नाही. पेजेसोबत खारा बांगडा, मिठातली कैरी, लोणचे, पापड, सुके सुंगट, शिवाय बेकरीचा पाव असा मिठाचा साठा ताटात नकळत येतो. ताजी मासळी, आमसुलाचा आंबटपणा, ओले खोबरे, मिरी आणि कोथिंबीर यांनी चव राखता येते. सैंधव मीठही शेवटी मीठच आहे. ‘कमी सोडियम’चे म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात पोटॅशियम असते. स्पायरोनोलॅक्टोनची गोळी चालू असेल तर ते मीठ घातक ठरू शकते. रोज शहाळी पिण्यापूर्वीही विचारून घ्यावे.

पाण्यावर मर्यादा असल्यास पेज, सोलकढी, चहा, ताक हे सारे त्या मापात धरावे. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉर्फरिन किंवा असिनोकुमेरॉल चालू असेल तर तांबडी भाजी, पालक वर्ज्य करण्याची गरज नाही. मात्र त्यांचे प्रमाण आठवडागणिक सारखे ठेवावे आणि रक्ततपासणीच्या तारखा पाळाव्यात.

चालणे, प्रवास आणि प्राणवायू

पूर्ण विश्रांती हा सल्ला आता मागे पडला आहे. आजार स्थिर असताना देखरेखीखाली केलेला हलका व्यायाम उपयुक्त ठरतो. सपाटीवर, बोलता येईल इतक्याच वेगाने चालावे. घेरी आली, छातीत दुखले की थांबावे. भरलेली बादली, गॅसचा सिलिंडर, ओले कपडे असे वजन श्वास रोखून उचलू नये. कढत पाण्याच्या स्नानाने रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते. बद्धकोष्ठता होऊ देऊ नये, कारण कुंथल्यानेही हृदयावर ताण येतो. रुग्णालयात सहा मिनिटांत किती अंतर चालता येते ते मोजतात. ४४० मीटरहून अधिक अंतर हे चांगले लक्षण, तर १६५ मीटरपेक्षा कमी हे चिंतेचे मानले जाते.

आंबोली किंवा चोर्ला घाटाची उंची स्थिर रुग्णाला सहसा बाधत नाही. केदारनाथ किंवा लेह यांसारखी साडेतीन हजार मीटरच्या आसपासची ठिकाणे मात्र टाळावीत. विरळ हवेत फुफ्फुसांच्या वाहिन्या आणखी आकसतात. साधारण १५०० मीटरच्या वर जाण्यापूर्वी आणि विमानप्रवासापूर्वी प्राणवायूची गरज लागेल का, हे विचारून घ्यावे.

घरी प्राणवायूचे यंत्र असेल तर वीज गेल्यावर काय, याची तजवीज पावसाळ्याआधीच करावी. भरलेला राखीव सिलिंडर असावा. प्राणवायूमुळे आग झपाट्याने भडकते, म्हणून देवघरातील समई, उदबत्ती आणि स्वयंपाकघरातील शेगडी यांपासून रुग्णाने दहा फूट तरी दूर राहावे. घरात कोणीही विडी-सिगारेट ओढू नये. दरवर्षी फ्लूची आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने न्यूमोनियाची लस घ्यावी. निरोगी माणूस सहज झेलतो तो ताप या हृदयाला झेपत नाही.

मातृत्वाचा प्रश्न

हा आजार तरुण स्त्रियांमध्ये अधिक आढळतो, म्हणून हा विषय टाळता येत नाही. गर्भारपणात वाढणारा रक्ताचा भार उजव्या हृदयाला पेलत नाही. प्रसूतीच्या वेळी आणि नंतरच्या दिवसांत मातेच्या जिवाला मोठा धोका असतो. म्हणूनच गर्भधारणा टाळण्याचा सल्ला दिला जातो. बोसेंटान, अँब्रिसेंटान, मॅसिटेंटान आणि रिओसिग्वाट यांनी गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते. संततिनियमनाची साधी गोळीही इथे विचारून घ्यावी लागते. तिच्यातील इस्ट्रोजेनमुळे गुठळ्यांचा धोका वाढतो आणि बोसेंटानमुळे तिचा परिणाम कमी होतो.

नातवंडाची अपेक्षा धरणाऱ्या घरात हे सुनेने एकटीने सांगणे कठीण असते. पती आणि सासूबाईंना एकदा डॉक्टरांसमोर बसवून ते त्यांच्या तोंडून ऐकवणे हाही उपचाराचाच भाग मानावा. पाळी चुकली तर वाट न पाहता लगेच कळवावे.

केव्हा थांबायचे नाही

शुद्ध हरपणे, बसल्याजागी धाप लागणे, छातीत दुखणे, खोकल्यातून रक्त पडणे, ओठ निळे पडणे, छातीतील धडधड न थांबणे यांपैकी काहीही झाले तर १०८ वर फोन करावा. रुग्णवाहिकेत बसतानाच आजाराचे नाव आणि चालू औषधे सांगावीत, नायट्रेट देऊ नये हे आवर्जून सांगावे. तालुक्याच्या आरोग्य केंद्रातील किंवा बांबोळीच्या गोमेकॉतील ड्युटीवरच्या डॉक्टरांना हा रुग्ण प्रथमच दिसत असेल, तर ही माहिती बहुमोल ठरते.

यासाठी एक वही पुरेशी आहे. पहिल्या पानावर आजाराचा गट, औषधांची नावे, मात्रा, वेळा, वर्ज्य औषधे आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा फोन क्रमांक लिहावा. पुढच्या पानांवर रोजचे वजन, सूज, धाप आणि चाललेले अंतर नोंदवावे. प्रत्येक तपासणीला ती सोबत न्यावी, आणि पहिल्या पानाचा फोटो घरातील सर्वांच्या मोबाइलमध्ये असावा. रुग्ण बोलण्याच्या स्थितीत नसेल, तेव्हा ते पान त्याच्या वतीने बोलेल.